काळ्या सोंगट्यांचा डाव

बुद्धिबळात पहिली खेळी पांढऱ्याची. काळ्याच्या वाट्याला उत्तर देणे येते. हे उत्तर सावधपणे बरोबरी राखणारे असू शकते, किंवा सिसिलियन बचावाप्रमाणे पहिल्याच चालीत पटाची सममिती मोडून धोका पत्करणारे. भारतीय स्त्रियांच्या बुद्धिबळाचा इतिहास या दुसऱ्या जातीचा आहे.

गोंदिया-भंडाऱ्याच्या झाडीपट्टीला मोठे शहर म्हणजे नागपूर. त्या नागपूरची दिव्या देशमुख २८ जुलै २०२५ रोजी जॉर्जियातील बातुमी येथे महिला विश्वचषकाच्या अंतिम लढतीत कोनेरू हंपीसमोर बसली होती. आधीचे तिन्ही डाव बरोबरीत सुटले होते. जलद प्रकाराच्या दुसऱ्या डावात दिव्याकडे काळ्या सोंगट्या होत्या. वेळ संपत आली तशी हंपीची गणिते चुकली आणि काळ्याने डाव जिंकला. हंपी २००२ मध्ये ग्रँडमास्टर झाली तेव्हा दिव्याचा जन्मही झाला नव्हता.

या पटावरची धाडसी सुरुवात मात्र बरीच आधी झाली होती. राष्ट्रीय महिला स्पर्धा १९७४ मध्ये सुरू झाली आणि तिचे पहिले विजेतेपद वासंती खाडिलकर यांनी मिळवले. पुढची अनेक वर्षे ती स्पर्धा वासंती, जयश्री आणि रोहिणी या खाडिलकर भगिनींनी गाजवली. १९७६ मध्ये, वयाच्या तेराव्या वर्षी, रोहिणी राष्ट्रीय विजेत्या झाल्या आणि त्याच वर्षी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरल्या. गदारोळ झाला, प्रकरण उच्च न्यायालयात गेले. अखेर जागतिक बुद्धिबळ महासंघाचे अध्यक्ष मॅक्स यूव्हे यांनी स्त्रियांना राष्ट्रीय व आंतरराष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धांतून वगळता येणार नाही, असा निर्वाळा दिला.

रोहिणींनी विचारलेला प्रश्न एका स्पर्धेपुरता नव्हता. पट एकच असताना दालने दोन का, हा तो प्रश्न. दिव्याच्या विजयाने त्याचे उत्तर दिले, पण अर्धेच. ग्रँडमास्टर हा किताब स्त्री-पुरुषांना समान आहे आणि एकही नॉर्म हाती नसताना विश्वचषकाच्या विजयाने तो तिला थेट मिळाला. परंतु तो मिळाला स्त्रियांसाठी राखलेल्या दालनातून.

म्हणून बातुमीचा डाव संपला, तरी १९७६ चा डाव संपलेला नाही. तेव्हा तेरा वर्षांच्या मुलीने सममिती मोडली. तिच्या खेळीला पुरते उत्तर अजून मिळायचे आहे.