वेग हवा की सर्वांची सोबत? कंपायलर फ्लॅगचा इतिहास 🧵

१/ मूळ लेखन एकच, तरी त्यातून घडलेला प्रोग्राम एका संगणकावर वेगाने धावतो आणि दुसऱ्यावर सुरूच होत नाही. हा फरक पुष्कळदा कंपायलरला दिलेल्या एका छोट्या सूचनेमुळे पडतो. तिलाच ‘फ्लॅग’ म्हणतात.

२/ इंटेलची ३८६ चिप १९८५ ची, रिचर्ड स्टॉलमन यांचा जीसीसी कंपायलर १९८७ चा. १९९१ मध्ये हेलसिंकीत लिनस टोरवाल्ड्स यांनी या दोहोंच्या आधारे लिनक्स घडवले.

३/ १९९३ मध्ये पेंटियम आले. त्यात दोन सोप्या आज्ञा एकाच वेळी पार पडत. मात्र त्या लागोपाठ असाव्या लागत आणि एक दुसरीच्या उत्तरावर अडलेली नसावी लागे. ३८६ च्या हिशेबाने रचलेल्या प्रोग्राममध्ये अशा जोड्या कमी जमत. नव्या चिपची निम्मी ताकद अनेकदा रिकामी बसे.

४/ यावर उपाय दोन. ‘एम-ट्यून’ आज्ञा जुन्याच ठेवून क्रम नव्या चिपच्या सोयीचा लावतो. प्रोग्राम जुन्या यंत्रावरही चालतो. ‘एम-आर्च’ नव्या आज्ञाही वापरू देतो. जुनी चिप त्या ओळखत नाही आणि प्रोग्राम कोसळतो.

५/ येथे चिपचे वय पाहून भागत नसे. १९९५ च्या पेंटियम प्रोमध्ये ‘सीमूव्ह’ ही आज्ञा होती. १९९७ च्या एएमडी के६ मध्ये नव्हती! ‘आय६८६’ साठी घडवलेला प्रोग्राम या नव्या चिपवरही अडखळू शके.

६/ लिनक्सच्या वितरकांनी वेगवेगळ्या वाटा धरल्या. मँड्रेकने पेंटियमची पातळी निवडली, तर डेबियनने दीर्घकाळ ३८६ ची साथ सोडली नाही. २००२ मध्ये आवृत्ती १.० प्रसिद्ध करणाऱ्या जेंटूने निवड वापरकर्त्यावरच सोपवली: आपल्या यंत्रासाठी आपणच कंपाइल करावे. त्यात तासन्‌तास जात. शिवाय ‘ओ३’ सारखा आक्रमक फ्लॅग प्रोग्राम फुगवून कधीकधी वेग घटवीही.

७/ डिसेंबर २०१२ मध्ये लिनक्सच्या गाभ्यातून ३८६ चा आधार काढण्यात आला. त्या चिपसाठी केलेल्या खास सोयींमुळे इतर कामांत सतत अडचणी येत होत्या. ज्या चिपवर लिनक्स जन्मले, तिच्यावर नवे लिनक्स चालेनासे झाले.

८/ हाच प्रश्न ६४-बिट युगातही उभा आहे. २०२० मध्ये या चिपांचे चार स्तर ठरले. २०२२ च्या रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ९ ने दुसरा स्तर अनिवार्य केला. त्याखालची यंत्रे बिघडलेली नाहीत. त्यांच्यासाठी कंपाइल करणे तेवढे थांबले आहे.