अमेरिकन लष्करी अळी : स्थलांतरित पतंगाचे भारतातील कायमचे वास्तव्य

मक्याच्या पोंग्यात शिरून पीक पोखरणाऱ्या अमेरिकन लष्करी अळीची भारतातील पहिली नोंद मे २०१८ मध्ये कर्नाटकातील शिवमोग्गा जिल्ह्यात झाली. त्याच वर्षी महाराष्ट्रातही मका व ऊस या पिकांवर ती आढळली. २०१९ मध्ये मिझोरममधील मक्याचे तिने मोठे नुकसान केले. आता ही कीड देशातील मका उत्पादक प्रदेशांत स्थिरावली आहे.

मूळ व स्थलांतर
ही अळी ज्या पतंगाची असते, त्याचे शास्त्रीय नाव स्पोडोप्टेरा फ्रुजिपर्डा असे आहे. तो मूळचा अमेरिका खंडातील उष्ण प्रदेशांचा. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत हिवाळ्यात तो केवळ दक्षिण फ्लोरिडा व दक्षिण टेक्सास येथे तग धरतो. वसंत ऋतूपासून त्याच्या पुढील पिढ्या वाऱ्याच्या साहाय्याने उत्तरेकडे सरकतात व कॅनडापर्यंत पोहोचतात. पतंग एका रात्रीत सुमारे १०० किलोमीटर अंतर कापू शकतो. मात्र या किडीला शीतनिद्रा नसते. थंडी पडताच उत्तरेतील सर्व अळ्या व कोष नष्ट होतात. त्यामुळे तेथे हा पतंग दरवर्षी नव्याने येणारा पाहुणाच राहतो.

आफ्रिकेत २०१६ मध्ये, बांगलादेशात २०१८ च्या अखेरीस, चीनमध्ये जानेवारी २०१९ मध्ये आणि ऑस्ट्रेलियात २०२० मध्ये या किडीची प्रथम नोंद झाली.

भारतात स्थिरावण्याची कारणे
दक्षिण व मध्य भारतात तिला मारील एवढी थंडी पडत नाही. सिंचनाच्या सोयीमुळे खरीप, रब्बी व उन्हाळी अशा तिन्ही हंगामांत मका उभा असतो. जोडीला ज्वारी व ऊस असतातच. मादी आपल्या आयुष्यात एक ते दोन हजार अंडी पुंजक्यांनी घालते आणि उष्ण हवामानात सुमारे एका महिन्यात नवी पिढी तयार होते. परिणामी स्थलांतराची गरज न भासता ही कीड वर्षभर त्याच परिसरात टिकून राहते. मका हे कुक्कुटपालनातील प्रमुख खाद्य असल्याने नुकसानीची झळ शेताबाहेरही पोहोचते.

ओळख
पूर्ण वाढलेल्या अळीच्या डोक्यावर इंग्रजी वाय अक्षराच्या उलट्या आकाराची फिकट खूण असते. शरीराच्या शेवटाकडील एका भागावर चौकोनात मांडल्यासारखे चार काळे ठिपके दिसतात. पानांवर ओळीने पडलेली छिद्रे आणि पोंग्यात साचलेली भुशासारखी ओली विष्ठा ही प्रादुर्भावाची लक्षणे होत.

नियंत्रण
अळी पोंग्यात खोलवर गेल्यावर फवारणी तिच्यापर्यंत नीट पोहोचत नाही. त्यामुळे उगवणीनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांतील पाहणी निर्णायक ठरते. पतंगांच्या आगमनाची सूचना मिळण्यासाठी कामगंध सापळे लावणे, अंडीपुंज व लहान अळ्या वेचून नष्ट करणे, ५ टक्के निंबोळी अर्क फवारणे, तसेच अंड्यांवर जगणारे ट्रायकोग्रामा व टेलेनोमस हे मित्रकीटक सोडणे, हे उपाय सुचविले जातात. खोल नांगरटीमुळे जमिनीतील कोष उघडे पडून ऊन व पक्ष्यांमुळे नष्ट होतात.

पतंग शेताची बांधबंदिस्ती जुमानत नाही. एकाच शेतातील अळ्या मारून शेजारच्या शेतातील पिढी थांबत नाही. म्हणूनच एका परिसरातील शेतकऱ्यांनी पेरणी शक्यतो एकाच वेळी करणे आणि नियंत्रणाचे उपाय एकत्रितपणे, दर हंगामात योजणे आवश्यक ठरते.