जलतापकाची सुरक्षा झडप
बंद टाकीतील दाब मर्यादेबाहेर गेल्यास आपोआप उघडणारी झडप. दनी पापँ यांनी सु. १६८० मध्ये ती वाफेच्या भांड्यासाठी योजली. महाराष्ट्रातील तांब्याच्या बंबास तिची गरज नव्हती. पाणी ओतण्याचे तोंड उघडेच असे. विजेच्या बंद जलतापकात मात्र २५ लि. पाणी २५° वरून ६०° से.पर्यंत तापविता सु. ०.३५ लि. वाढते. परतीची वाट बंद असल्यास तेवढे झडपेतून ठिबकते. तो दोष नव्हे, आणि ते भोक बुजविणे घातक होय. पाणी थंड असतानाही झडप गळल्यास तिच्या बैठकीवर क्षार साचलेला असतो किंवा पुरवठ्याचा दाब अधिक असतो. टाकी १० मी. उंच असल्यास दाब सु. १ किग्रॅ./चौ. सेंमी. वाढतो. याच नियमाने मावळातील लोणावळा, वळवण व शिरवटा तलावांचे पाणी सु. ५०० मी. खाली खोपोलीस नेऊन १९१५ पासून मुंबईस वीज पुरविण्यात आली.