‘अजून जोर लावा!’ : पायातली ताकद मोजण्याचा इतिहास

घरात कुणाला अर्धांगवायू झाला असेल, तर हे दृश्य तुमच्या ओळखीचं असेल. माणूस खुर्चीत बसलेला, फिजिओथेरपिस्टचा हात त्याच्या नडगीवर, आणि सूचना एकच : “गुडघा सरळ करा. अजून जोर लावा!” पाय थोडा उचलला जातो, खाली येतो, आणि फायलीत एक आकडा पडतो. माझ्या मामांच्या फायलीत 3 हा आकडा बरेच दिवस हलला नाही, तेव्हा आम्ही घरचे सगळे त्यांच्याच मागे लागलो होतो. “मामा, तुम्ही मनापासून प्रयत्नच करत नाही.” हे बोलणं किती चुकीचं होतं ते मला फार उशिरा कळलं. म्हणून आज त्या आकड्याची गोष्ट.

ती सुरू होते बॉस्टनमध्ये, पोलिओच्या काळात. अस्थितज्ज्ञ रॉबर्ट लव्हेट यांच्याबरोबर काम करणाऱ्या विल्हेल्मिन राइट यांनी 1912 साली लुळ्या पडलेल्या मुलांचे स्नायू तपासण्याची एक साधी रीत मांडली. पाय स्वतःचं वजन उचलू शकतो का, वरून हाताने दाबलं तर टिकतो का, एवढंच बघायचं. मग 1916 मध्ये लव्हेट आणि शरीरशास्त्रज्ञ अर्नेस्ट मार्टिन यांनी स्प्रिंगचा काटा आणला. पायाला पट्टा बांधायचा, तो काट्याला अडकवायचा आणि स्नायू हार मानेपर्यंत ओढायचं. (1921 मध्ये फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या पायांचं दुखणं पोलिओच आहे, असं निदान करणारे ते हेच लव्हेट.) ब्रिटनमध्ये दुसऱ्या महायुद्धात सैनिकांच्या नसांच्या जखमा तपासताना 1943 साली मेडिकल रिसर्च कौन्सिलने 0 ते 5 अशी श्रेणी छापली. 0 म्हणजे काहीच हालचाल नाही, 3 म्हणजे फक्त स्वतःचं वजन पेलतं, 5 म्हणजे पूर्ण ताकद. मामांच्या फायलीतला 3 तो हाच.

पण हा आकडा एक गोष्ट सांगत नाही. पाय कमजोर का आहे? स्नायूच सुकलाय, की स्नायू ठीक आहे पण मेंदूचा हुकूम त्याच्यापर्यंत पोचत नाही?

हे वेगळं काढण्याची युक्ती लंडनच्या पॅट मर्टन यांनी 1954 मध्ये पक्की केली. कल्पना त्याआधीची होती. त्यांनी अंगठ्याचा स्नायू घेतला आणि प्रयोगासाठी बसले बहुतेक वेळा स्वतःच. पूर्ण जोर लावायचा आणि त्याच क्षणी नसेला विजेचा एक छोटा झटका द्यायचा. झटक्याने ताकद आणखी वाढली, तर स्नायूत काही शिल्लक होतं, इच्छाशक्तीला ते काढता आलं नाही. वाढलीच नाही, तर सगळं आधीच कामाला लागलं होतं. मर्टन यांच्या अंगठ्यात शिल्लक काहीच निघालं नाही!

हिशेब सोपा आहे. समजा आरामात असलेल्या स्नायूला झटका दिला आणि काट्यावर 20 आले. पूर्ण जोर लावताना त्याच झटक्याने फक्त 5 वाढले. म्हणजे पाव भाग हुकुमाबाहेर राहिला आणि ‘ऐच्छिक सक्रियता’ 75 टक्के झाली.

पायांची गोष्ट मात्र अंगठ्याइतकी सरळ नव्हती. 1981 मध्ये कॅनडातल्या बेलँजर आणि मॅककोमास यांना दिसलं, की घोट्यापासून पाऊल वर उचलणारा स्नायू निरोगी माणसं पूर्ण वापरतात, पण पोटरीचा पूर्ण वापर काही धडधाकट लोकांनाही जमत नाही. मग आजारी पायाचं काय? 2005 मध्ये अमेरिकेत सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांची मांडी आणि पोटरी अशीच मोजली गेली. दोन्हीकडे त्यांची सक्रियता इतर मुलांपेक्षा बरीच कमी निघाली. मुलं जोर लावत होती. हुकूम वाटेत गळत होता.

आणि मला हलवून गेलेली गोष्ट पक्षाघाताची. 2001 मध्ये लंडनच्या संशोधकांनी पहिल्या सहा महिन्यांतल्या रुग्णांच्या मांड्या मोजल्या, तर हुकूम कमी पोचणं दोन्ही पायांत दिसलं. ज्याला आपण घरी ‘चांगला पाय’ म्हणतो, त्यातही. मामा चांगल्या पायानेही लवकर थकायचे, आणि आम्ही त्याला आळस म्हणायचो.

ही चाचणी रोजच्या दवाखान्यात फारशी दिसत नाही. झटका बोचतो, पाय घट्ट बांधावा लागतो, लहान मुलाला ‘पूर्ण जोर’ समजावणं अवघड जातं. शिवाय गुडघा सरळ करताना मागचा स्नायूही आखडला, तर काट्यावरचा आकडा फसवतो. त्यामुळे फायलीत अजूनही 0 ते 5 च लिहिलं जातं. तुमच्या घरी कुणाची अशी तपासणी चालू असेल, तर थेरपिस्टला जरूर विचारा, “स्नायू कमजोर आहे, की हुकूम पोचत नाही?” व्यायाम कुठला द्यायचा, बाहेरून विजेने स्नायू आकसवून मदत करायची का, हे बरंचसं त्या उत्तरावर ठरतं.

पुढच्या भागात भेटूच. नमस्कार.