उघडी विद्या, बंद पत्र

आपल्या समाजव्यवस्थेने विद्या कुलपात ठेवली आणि माणूस उघड्यावर ठेवला. पोथी कोणी वाचावी, कोणाच्या कानावरही ती पडू नये, याचे नियम कडक होते. गावकुसाबाहेरच्या माणसाने काय नेसावे, कोणत्या धातूचा दागिना घालावा, कोणत्या वाटेने जावे, हे मात्र गाव पाहत होते आणि गावच ठरवत होते. खाजगीपणा वाड्यात राहत होता. वस्तीला तो कधी भेटलाच नाही. म्हणूनच, खाजगीपणाचा हक्क म्हणजे पोट भरलेल्यांचे चोचले, असे आपल्यातले काही कार्यकर्ते म्हणतात तेव्हा ते मला पटत नाही. ज्याची झडती सहज घेता येते, त्यालाच त्या हक्काची पहिली गरज असते.

बाबासाहेबांना हे दिसत होते. मार्च 1947 मध्ये शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीने तयार झालेले त्यांचे निवेदन ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या नावाने आपल्याला माहीत आहे. त्याची चर्चा होते ती राज्य समाजवादाच्या अंगाने. पण नागरिकाचा देह, घर, कागदपत्रे आणि चीजवस्तू यांची अवाजवी झडती वा जप्ती होता कामा नये, असेही एक कलम त्यात आहे. क. मा. मुन्शी यांच्या मसुद्यात पत्रव्यवहाराच्या गुप्ततेची तरतूद होती. मूलभूत हक्कांच्या उपसमितीने दोन्ही गोष्टी प्रथम स्वीकारल्या. मग गुन्ह्यांच्या तपासात अडथळा येईल, अशी हरकत अल्लादी कृष्णस्वामी अय्यर आणि बी. एन. राव यांनी घेतली आणि एप्रिल 1947 मध्ये ही कलमे गळाली. या गळण्याची किंमत पुढे मोजावी लागली. अमेरिकेसारखा खाजगीपणाचा हक्क आपल्या संविधानकर्त्यांनी मान्य केलेला नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 1954 साली एम. पी. शर्मा खटल्यात म्हटले. तो दृष्टिकोन रद्द व्हायला ऑगस्ट 2017 उजाडले. पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायमूर्तींनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असा निर्णय एकमताने दिला.

बाबासाहेबांच्या त्या कलमाची शब्दरचना अमेरिकी संविधानाच्या चौथ्या दुरुस्तीवरून घेतलेली होती. मग जिथे ती दुरुस्ती 1791 पासून अस्तित्वात आहे, तिथे कागदपत्रे कागदावरून संगणकात गेल्यावर काय घडले?

1976 साली व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन या दोघांनी सांकेतिक लिपीची एक नवी कल्पना जाहीरपणे छापली. समजा, मी माझी कुलपे गावभर वाटली आणि किल्ली फक्त माझ्याजवळ ठेवली. कोणीही माझ्यासाठीचे पत्र त्या कुलपात बंद करू शकेल, उघडेन मात्र मीच. कुलपाची घडण साऱ्या जगाला माहीत असली तरी बिघडत नाही. उलट ती माहीत असली तरच कुलूप पक्के की कच्चे, याची पारख होते. यात विद्या उघडी आहे आणि पत्र बंद आहे. आपल्या परंपरेच्या नेमके उलट!

सरकारला दळणवळणातला मजकूर उघडा मिळालाच पाहिजे, अशा आशयाचे कलम 1991 साली अमेरिकी सिनेटपुढील एका विधेयकात आले. अण्वस्त्रविरोधी चळवळीत वावरलेल्या फिल झिमरमन यांनी त्याच वर्षी ‘पीजीपी’ हा प्रोग्राम सोर्स कोडसह, म्हणजे माणसाला वाचता येणाऱ्या मूळ मजकुरासह, फुकट वाटून टाकला. तो देशाबाहेर पोहोचला. अमेरिकी कायद्यात पक्की सांकेतिक लिपी तेव्हा दारूगोळ्याच्या यादीत होती, आणि विनापरवाना शस्त्रनिर्यातीच्या संशयावरून झिमरमन यांची फौजदारी चौकशी 1993 मध्ये सुरू झाली.

पुढचा भाग हसावे की रडावे असा आहे. सांकेतिक लिपीवरील ब्रूस श्नायर यांचे पुस्तक परदेशी नेण्यास हरकत नाही, असे अमेरिकी परराष्ट्र खात्याने 1994 साली सांगितले. त्याच पुस्तकातला कोड फ्लॉपीवर असेल, तर मात्र ते शस्त्र ठरवले. ज्ञान कोणाच्या हाती पडते यावर त्याचे पावित्र्य ठरते, हा न्याय आपल्याला नवा नाही. 1995 साली एमआयटी प्रेसने पीजीपीचा सारा सोर्स कोडच पुस्तक म्हणून छापला. कोणीही ते विकत घ्यावे आणि पाने स्कॅन करून पुन्हा प्रोग्राम उभा करावा! 1997 मध्ये नंतरच्या आवृत्तीची छापील पाने युरोपात स्वयंसेवकांनी खरोखरच अशी स्कॅन केली. छापखाना संगणकाच्या मदतीला धावला, ही गोष्ट अनियतकालिकांवर वाढलेल्या आपल्या पिढ्यांना विशेष भावावी. झिमरमन यांच्यावरील चौकशी जानेवारी 1996 मध्ये आरोपपत्राविना संपली. सोर्स कोड हीही अभिव्यक्तीच आहे, असा निकाल डॅनियल बर्नस्टीन या संशोधकाच्या दाव्यात त्याच वर्षी जिल्हा न्यायालयाने दिला.

पुढे पीजीपी कंपन्यांच्या मालकीत फिरत राहिले. प्रोग्राम वाचण्याचा, बदलण्याचा आणि वाटण्याचा हक्क सर्वांना असावा, यासाठी रिचर्ड स्टॉलमन यांनी 1983 मध्ये ‘ग्नू’ प्रकल्प जाहीर केला होता. त्याच प्रकल्पात जर्मनीतील वर्नर कोख यांनी पीजीपीला पर्याय उभा केला आणि 1999 मध्ये त्याची पहिली पूर्ण आवृत्ती दिली. एडवर्ड स्नोडेन यांनी 2013 साली पत्रकारांशी संपर्क साधला तो याच जातीच्या कुलपाआडून.

आपल्या चळवळीची पत्रे आज व्हॉट्सॲपवरून जातात. तिथले कुलूप 2016 पासून उघड्या विद्येचे आहे, पण ज्या पेटीला ते लावले त्या पेटीची घडण बंद आहे, आणि कोणी कोणाला केव्हा लिहिले याची नोंद कुलपाबाहेरच राहते. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 69 नुसार सांकेतिक मजकूर उलगडून देण्यास नकार देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. 2021 च्या नियमांनी तर मोठ्या संदेशसेवांना आणखी एक सक्ती केली: न्यायालयाने वा अधिकृत यंत्रणेने आदेश दिल्यास संदेश मुळात कोणी लिहिला, ते शोधून द्यावे. त्याला व्हॉट्सॲपने त्याच वर्षी दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिले. म्हणजे बाबासाहेबांच्या त्या गळालेल्या कलमाविरुद्ध 1947 साली जी हरकत होती, तपासात अडथळा येईल ही, तीच आता एका परदेशी कंपनीच्या याचिकेत पुन्हा उभी आहे. आणि ज्यांची पत्रे आहेत, ते त्या दाव्यात पक्षकार नाहीत.