परीक्षेचे गुण आणि मनुष्याची बुद्धी

'मॅट्रिक' या शब्दाने आपल्या महाराष्ट्रात शंभरएक वर्षे राज्य केले. अमक्याचा मुलगा मॅट्रिक झाला म्हणजे गावात पेढे वाटले जात, आणि 'मॅट्रिक नापास' हे बिरूद एकदा चिकटले की ते मनुष्याच्या नावामागे जन्मभर चाले. परंतु शब्दाचे मूळ पाहू जाता हुशारीशी किंवा मठ्ठपणाशी त्याचा काहीएक संबंध नाही. लॅटिन भाषेत 'मॅट्रिक्युला' म्हणजे नावांची वही. त्या वहीत नाव दाखल होणे, अर्थात विद्यापीठात प्रवेश मिळणे, एवढाच त्याचा अर्थ. मुंबई विद्यापीठ 1857 साली स्थापन झाले; 1859 साली त्याने पहिली मॅट्रिक्युलेशन परीक्षा घेतली; आणि 1862 साली रानडे, भांडारकर, वागळे व मोडक हे चौघे त्याचे पहिले पदवीधर झाले. आज ज्या नीट, जेईई आणि सीईटी या परीक्षांनी घरोघरची झोप उडविली आहे, त्यांची ही पणजी होय.

या पणजीपासून आजच्या पणतीपर्यंतचा इतिहास मी आज सांगणार आहे तो एका प्रश्नासाठी. महाविद्यालयाच्या दारावर बसलेली ही परीक्षा मनुष्याची बुद्धी मोजते काय? या प्रश्नावर बोलण्याचा माझा अधिकार बेताचाच. मी जुन्या अकरावीचा मॅट्रिक. महाविद्यालयाची पायरी विद्यार्थी म्हणून कधी चढलो नाही. अध्यापनाची पदविका घेऊन नगर जिल्ह्यातील खेड्यापाड्यांच्या प्राथमिक शाळांत मास्तरकी केली. जिल्ह्याचे नाव 2024 साली अहिल्यानगर झाले. आम्हां जुन्या लोकांच्या तोंडी मात्र 'नगर' हेच बसले आहे. तथापि मुलांना परीक्षेस बसविण्यात माझी हयात गेली, आणि दाराच्या बाहेरच्या बाजूने ते दार कसे दिसते हे मला ठाऊक आहे.

पहिल्या मॅट्रिक्युलेशनच्या बाजूने एक गोष्ट आधी सांगितली पाहिजे. तिने बुद्धी मोजण्याचा दावा कधीच केला नाही. कॉलेजातील व्याख्याने इंग्रजीत होत. ती या मुलास समजतील काय, पुस्तके त्यास वाचता येतील काय, त्याचे गणित पुरेसे झाले आहे काय, हे पाहण्यापुरतीच ती होती. घोळ पुढे झाला. सरकारी कचेऱ्यांनी कारकुनाच्या जागेला मॅट्रिकची अट घातली, वधूपिते वराच्या शिक्षणाची चौकशी करू लागले, आणि हळूहळू वहीत नाव असणे म्हणजे अक्कल असणे व नसणे म्हणजे अक्कल नसणे, असा हिशेब समाजाने आपला आपणच बसविला. विद्यापीठाने तो शिकविला नव्हता.

या हिशेबात एक आकडा टाकून पाहू. 1907 साली मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलातून भीमराव रामजी आंबेडकर हा विद्यार्थी मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झाला. त्यास 750 पैकी 282 गुण मिळाले, म्हणजे शेकडा 38 सुद्धा नव्हेत. पुढे सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर 1913 साली हा विद्यार्थी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेला, 1923 साली लंडन विद्यापीठाचा डी. एस्सी. झाला, बॅरिस्टर झाला, आणि 1947 साली राज्यघटनेच्या मसुदा समितीच्या अध्यक्षस्थानी बसला. हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु यावरून कमी गुण मिळविणारा प्रत्येक मुलगा छुपा विद्वान असतो, असे जे कोणी सांगतात त्यांच्याशी मी सहमत नाही. थोरामोठ्यांचे असे दाखले फार फसवे असतात. दारातून जे आत गेले त्यांचीच चरित्रे लिहिली जातात, जे बाहेर राहिले त्यांची कोण लिहिणार? मला पुसायचे आहे ते निराळेच. ते 282 गुण कशाची मोजणी करीत होते? परळच्या चाळीतील एका खोलीत सारे कुटुंब राहत असे. तेथेच रात्री उठून अभ्यास करावा लागे. संस्कृत शिकण्याची इच्छा असता अस्पृश्य म्हणून ती भाषा नाकारली गेली आणि फारशी घ्यावी लागली. त्या आकड्यात विद्यार्थ्याची बुद्धी होती यात शंका नाही. पण ती खोली, ती अर्धवट झोप आणि ती नाकारलेली भाषा हीदेखील त्याच बेरजेत होती. बेरीज पाहून त्यातील रकमा निरनिराळ्या सांगता येत नाहीत, हे तर आपण चौथीच्या मुलांनाही शिकवितो.

आता 'बुद्धी मोजणे' हा शब्दप्रयोग जेथे खरोखर जन्मला तेथे, म्हणजे पॅरिस शहरी जाऊ. 1904 साली फ्रेंच सरकारने एक समिती नेमली. शाळेत मागे पडणारी मुले हुडकून त्यांना निराळी मदत कशी द्यावी, हा तिच्यापुढील प्रश्न. आल्फ्रेड बिने या मानसशास्त्रज्ञाने सिमाँ या सहकाऱ्यासह 1905 साली सोप्या प्रश्नांपासून अवघड प्रश्नांपर्यंत चढत जाणारी एक मालिका तयार केली. ही मालिका कोणास बाहेर ठेवण्यासाठी नव्हती, हात धरून वर घेण्यासाठी होती. बुद्धी ही जन्मतः ठरलेली, न वाढणारी वस्तू आहे असे मानणाऱ्यांवर खुद्द बिनेनेच 1909 साली टीका केली. 1911 साली तो वारला. दुसऱ्याच वर्षी जर्मनीतील श्टेर्न याने बुद्धीचा भागाकार करून एकच आकडा काढण्याची युक्ती सुचविली, आणि 1916 साली अमेरिकेतील टर्मन याने तिचा प्रसार केला. त्यालाच आपण बुद्ध्यंक म्हणतो. पायरी मोजण्यासाठी केलेली पट्टी अशा रीतीने मनुष्य मोजण्याच्या कामी आली.

पहिल्या महायुद्धात अमेरिकेने सुमारे 17 लक्ष सैनिकांना या धर्तीच्या चाचण्या दिल्या. त्या आकड्यांवरून कार्ल ब्रिगॅम नावाच्या प्राध्यापकाने 1923 साली एक पुस्तक लिहून युरोपातील अमुक देशांचे लोक बुद्धीने श्रेष्ठ आणि तमुक देशांचे कनिष्ठ, असा निवाडा दिला. याच ब्रिगॅमच्या देखरेखीखाली 1926 साली अमेरिकेतील कॉलेजप्रवेशाची प्रसिद्ध 'सॅट' परीक्षा सुरू झाली. पण कथेतील महत्त्वाचा भाग पुढेच आहे. 1930 साली ब्रिगॅमने आपला जुना निवाडा निराधार असल्याचे जाहीरपणे लिहिले. ज्यांच्या घरी इंग्रजी बोलली जात नाही अशा माणसांची इंग्रजीतून परीक्षा घेऊन त्यांच्या वंशाची बुद्धी ठरविता येत नाही, हे त्यास पटले होते. विद्वानाने असे लिहावे ही लहानसहान गोष्ट नव्हे. त्या 'सॅट' नावाचीही पुढे गंमत झाली. त्यातील मधले अक्षर प्रथम 'अंगभूत पात्रता' अशा अर्थाच्या शब्दाचे होते. 1990 नंतर तो शब्द काढून 'मूल्यमापन' या अर्थाचा शब्द घातला. आणि अखेर या अक्षरांना पूर्ण रूपच नाही असे परीक्षा घेणाऱ्यांनी सांगून टाकले. नाव काय द्यावे हे ज्या परीक्षेच्या मालकांनाच ठरविता आले नाही, ती काय मोजते हे आपण छातीठोकपणे कसे सांगावे?

आपल्याकडे हे शास्त्र लवकरच आले. लाहोरच्या फोरमन ख्रिश्चन कॉलेजातील राईस यांनी बिनेच्या चाचण्यांना हिंदुस्थानी रूप दिले; त्यांचे पुस्तक 1929 साली छापून निघाले. मुंबई इलाख्यात व्ही. व्ही. कामत यांनी कानडी व मराठी मुलांसाठी चाचण्या तयार केल्या आणि 1940 साली हिंदी मुलांच्या बुद्धिमापनावरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. फ्रान्स-अमेरिकेतील प्रश्नांचे नुसते मराठी भाषांतर करून भागत नाही. ते येथील मुलांवर पडताळून कोणता प्रश्न कोणत्या वयास योग्य हे पुन्हा ठरवावे लागते, हे त्यांनी जाणले. म्हणजे परिस्थिती बदलली की पट्टीवरील खुणाही सरकतात, ही गोष्ट आपल्याकडील पहिल्या अभ्यासकांना ठाऊक होती. पुढे पट्टी उरली आणि ती ताकीद विसरली गेली.

महाराष्ट्रात शिष्यवृत्तीची परीक्षा कित्येक दशके चालू आहे. कधी चौथी-सातवीस, कधी पाचवी-आठवीस. तीत 'बुद्धिमत्ता चाचणी' असा स्वतंत्र विषयच आहे. 50 प्रश्न, 100 गुण. एकूण 300 पैकी एक तृतीयांश. आरशातील प्रतिमा, घड्याळाचे काटे, अंकांची मालिका, गटात न बसणारा शब्द असे प्रश्न. आम्ही शिक्षक या विषयाचे जादा तास घेत असू, आणि बाजारात त्याची मार्गदर्शक पुस्तके मिळत. तास घेतले की गुण वाढत, न घेतले की कमी पडत. बुद्धी ही जर उपजत वस्तू असेल, तर तिचे जादा तास कशासाठी?

पाथर्डी तालुक्यातील एका शाळेतला प्रसंग सांगतो. मी फळ्यावर चार शब्द लिहिले: गाय, म्हैस, शेळी, बैल. यांतील वेगळा कोणता? छापील उत्तर 'बैल', कारण बाकीची तिन्ही दूध देतात. एका मुलाने बैल हेच सांगितले. मी कारण विचारले तेव्हा म्हणाला, "गुरुजी, बैल आमच्यासंगं फडावर येतो, बाकीची आजीपाशी ऱ्हातात." त्याचे आईबाप ऊसतोडीला जात. मागच्या बाकावरील मुलगी म्हणाली, "शेळी. ती रानात आपलं आपण खाती, बाकीच्यांना दावणीला वैरण टाकावी लागती." दोघांनीही विचार केला होता, आणि दोघांचाही विचार तर्काला धरून होता. परीक्षेच्या कागदावर मात्र पहिल्यास पूर्ण गुण आणि दुसरीस शून्य. पहिल्यासही गुण मिळाले ते त्याच्या तर्काला नव्हेत, योगायोगाला. तपासणाऱ्यास उत्तर दिसते, कारण दिसत नाही. आणि आता तर तपासणारा मनुष्यही उरलेला नाही, यंत्र गोल मोजते.

आपल्या जिल्ह्यात पारनेर तालुक्यातील टाकळी ढोकेश्वर येथे नवोदय विद्यालय आहे. 1986 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातून निघालेल्या या विद्यालयांत किमान तीन चतुर्थांश जागा ग्रामीण मुलांना मिळतात, शिक्षण व राहणे फुकट. योजना निःसंशय उत्तम. प्रवेशपरीक्षेत 80 प्रश्न असतात. त्यांतले निम्मे मानसिक क्षमतेचे. मुलाने ही परीक्षा आयुष्यात एकदाच द्यावयाची, पुन्हा नाही. दहा-अकरा वर्षांच्या मुलाचा एक दिवस, दोन तास. त्या दिवशी अंगात ताप असेल तर तोही गुणांत धरला जातो.

मोठ्या मुलांच्या परीक्षेकडे येतो. 5 मे 2024 रोजी वैद्यकीय प्रवेशाची नीट परीक्षा देशभर सुमारे 23 लक्ष विद्यार्थ्यांनी दिली. निकालात 67 जणांना 720 पैकी 720 गुण होते. त्यांतील सहा जणांचे वाया गेलेल्या वेळेपोटी दिलेले वाढीव गुण रद्द झाले, तेव्हा 61 राहिले. नंतर पदार्थविज्ञानाच्या एकाच प्रश्नावर वाद निघाला. जुन्या पाठ्यपुस्तकाप्रमाणे एक उत्तर, नव्याप्रमाणे दुसरे. आणि दोन्ही बरोबर धरली होती. सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीच्या आयआयटीतील तज्ज्ञांचे मत घेतले, एकच उत्तर बरोबर ठरले, आणि पैकीच्या पैकी गुण असलेले फक्त 17 उरले. जे 44 जण खाली आले, त्यांची बुद्धी एका रात्रीत कमी झाली असे कोणी म्हणणार नाही. थोरल्या भावाचे जुने पुस्तक वापरणे ही आमच्याकडे काटकसर समजली जाते. येथे तिची किंमत पडली.

मग या परीक्षा मोडून टाकाव्या काय? माझ्या मते नाही. ज्या काळी शिफारशीवाचून कोठे शिरकाव होत नसे, त्या काळाचे गुणगान मी करणार नाही. उत्तरपत्रिकेवर नावाऐवजी क्रमांक असतो, आणि क्रमांकाला जात नसते. 1907 सालच्या त्या विद्यार्थ्यास वर्गात निराळे बसविणारे जग होते. परीक्षेच्या बेरजेने निदान त्यास वहीत नाव मिळवून दिले. जागा शंभर आणि उमेदवार हजार असता काहीतरी चाळण लागणारच. चाळणीने धान्याचा आकार कळतो. बियाणे उगवेल किती, हे तिला पुसू नये, एवढेच माझे म्हणणे. शिकवणीला एक वर्ष जादा बसून, लातूरला किंवा कोट्याला खोली घेऊन, जो आकडा वाढतो तो तयारीचा आकडा आहे. त्यास तयारीचा आकडा म्हणावे. त्यास बुद्धी म्हटले की ज्याच्या बापाजवळ त्या वर्षाचा खर्च नाही त्यास आपण निर्बुद्ध ठरवितो, आणि दुःखाची गोष्ट अशी की तो मुलगाही स्वतःला तसेच समजू लागतो. असे समजून शाळा सोडलेली मुले मी पाहिली आहेत. ती आज कोयता चालवितात आणि उचलीचा हिशेब मुकादमापेक्षा अचूक तोंडी सांगतात.

पाथर्डी, शेवगाव, जामखेड या भागातील टोळ्या दिवाळीच्या सुमारास कारखान्यांकडे निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडी परततात. शिष्यवृत्तीची परीक्षा साधारणतः फेब्रुवारीत येते, म्हणजे ऐन गळीत हंगामात. मुलांनी गावी राहून शिकावे म्हणून हंगामी वसतिगृहाची सोय असते. मी असताना एका वर्षी ते टोळ्या निघण्याच्या आधीच उघडले, आणि माझा वर्ग परीक्षेच्या दिवसापर्यंत भरलेला राहिला. दुसऱ्या वर्षी ते सुरू होईपर्यंत गाड्या निघून गेल्या होत्या. निम्मे बाक रिकामे पडले. त्या वर्षी आमच्या शाळेचा निकाल खाली आला, आणि वरून आलेल्या कागदावर विचारणा होती की मुलांची गुणवत्ता का घसरली. मी उत्तरात टोळ्या निघाल्याची तारीख आणि वसतिगृह उघडल्याची तारीख, या दोनच तारखा लिहून पाठविल्या.