वळणावर गाडी बाहेर फेकली जाते का?

नाही. गाडी सरळच जायला बघते, तिला आत वळवायला बल लागतं. हेच अभिकेंद्री बल. गणितं इथेच चुकतात: आकृतीत त्याचा वेगळा बाण काढला जातो. ते वेगळं बल नसतंच. गोफणीत ते काम दोरीचा ताण करतो, चंद्रासाठी गुरुत्वाकर्षण, रस्त्यावर टायरचं घर्षण.

घाटातलं 30 मीटर त्रिज्येचं वळण घ्या, रस्ता सपाट धरू.

लागणारं बल = वस्तुमान × वेगाचा वर्ग ÷ त्रिज्या
जास्तीत जास्त घर्षण = घर्षणांक × वस्तुमान × 9.8

दोन्ही समान ठेवले की वस्तुमान कटतं. म्हणजे एकटे असा की डबलसीट, मर्यादा तीच! कोरड्या रस्त्याचा घर्षणांक 0.7 धरला तर वेगाचा वर्ग 205.8, वेग सेकंदाला 14.3 मीटर, म्हणजे ताशी सुमारे 52 किमी. (3.6 ने गुणायला विसरू नका, मार्क तिथेच जातात.) पावसात 0.4 धरा: ताशी 39. ऑइल सांडलं असेल तर त्याहून कमी.

ब्रेक वळणाआधीच दाबा. वळणात दाबलात तर याच घर्षणातला वाटा ब्रेक खातो आणि गाडी घसरते.